कुंडीतही वाफसा हवा

ज्या हातांनी एकरभर कांदा काढला, वर्ष-सव्वा वर्ष ऊस सांभाळला, त्याच हातांनी लावलेले घरातल्या कुंडीतले टीचभर रोप दीड-दोन महिन्यांत माना टाकते, असे पुष्कळ घरांत घडते. जत्रेतून, कृषी प्रदर्शनातून किंवा तालुक्याच्या रोपवाटिकेतून हौसेने आणलेले रोप गेले की घरची मंडळी म्हणतात, ‘शोभेच्या झाडांना आमच्या हाताचा गुण नाही.’ हे काही खरे नाही. दोष हाताचा नसतो, सवयीचा असतो. शेतातली एक चांगली सवय घराच्या चार भिंतींत वाईट ठरते. ती सवय म्हणजे पाणी देण्याची.

शेतात पाण्याला खाली उतरायला वाव असतो. वर ऊन असते, वारा असतो, पीक जोराने वाढत असते. घरातल्या कुंडीला यातले काहीच नाही. ऊन नाही म्हणून वाढ मंद, वारा नाही म्हणून माती सुकत नाही, आणि बूड बंद म्हणून पाण्याला जायला जागा नाही. अशा कुंडीत रोज सकाळी तांब्याभर पाणी ओतणे म्हणजे आषाढातल्या पाणथळ वावरात मोट सोडण्यासारखे आहे. अति तेथे माती म्हणतात, त्यातलाच हा प्रकार.

प्रत्येक शेतकऱ्याला वाफसा म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. मातीत ओल आहे पण चिखल नाही, ढेकूळ मुठीत दाबले तर फुटते, औत चालवावे अशी जमीन झाली की वाफसा आला. मुळांना पाणी लागते तशी हवाही लागते, हे आपले वाडवडील शब्दात न मांडता जाणत होते. तोच वाफसा कुंडीत सांभाळला की घरातली झाडे जगतात. हे शिकायला एक सोपे, चिवट आणि कमी पाण्याचे झाड हाताशी आहे. त्याचीच ओळख आज करून घेऊ.

वीतभराचे झाड

रोपवाटिकेत ‘स्नेक प्लांट’ म्हणून जे झाड मिळते ते बहुतेकांनी पाहिलेले असते. तलवारीसारखी उभी, जाड, हिरवी पाने आणि त्यांवर सापाच्या अंगासारखे आडवे पट्टे. शाळा, बँका, दवाखाने यांच्या पायऱ्यांवर त्याच्या कुंड्या मांडलेल्या असतात. त्याचे मूळ घर पश्चिम आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, नायजेरियापासून काँगोपर्यंतचा. या झाडांची शास्त्रीय नोंद पूर्वी ‘सान्सेव्हेरिया’ या स्वतंत्र प्रजातीत होती. 2017 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचा समावेश ‘ड्रॅसिना’ या प्रजातीत केला. रोपवाटिकेत मात्र जुनेच नाव चालते.

या उंच झाडाची एक बुटकी जात आहे. ती वीतभरही उंच होत नाही. पाने आखूड व रुंद, आणि ती मधल्या भागाभोवती फुलासारखी गोलाकार बसतात. लांबून पाहिले तर पाखराचे घरटे वाटावे. 1939 साली अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरातल्या एका रोपवाटिकेत उंच झाडांमध्ये हे वेगळे, बुटके रोप प्रथम दिसले, आणि 1941 मध्ये सिल्व्हन हान या गृहस्थांनी त्याचा हक्क नोंदवला. त्यांच्या आडनावावरून त्या जातीला ‘हानिआय’ नाव पडले. बोलताना त्याचे ‘हानी’ होते. नाव असे असले तरी हे झाड हानी करणारे नाही, उलट हेळसांड सोसणारे आहे. सगळी पाने गडद हिरवी असलेले साधे हानी, पानांना रुंद पिवळी किनार असलेले सोनेरी आणि राखट झाक असलेले रुपेरी, असे त्याचे प्रकार मिळतात.

पुण्याहून सोलापूरच्या रस्त्याने जाताना उरुळी कांचन, सोरतापवाडीच्या परिसरात रोपवाटिकाच रोपवाटिका लागतात. त्या बाजूला जाणे झाले तर चार ठिकाणी पाहून रोप घ्यावे. पाने टणक हवीत. मधला कोंब बोटाने हलकेच हलवून पाहावा. तो सैल लागला किंवा पानाचे बूड मऊ, पिवळट दिसले तर ते रोप घेऊ नये. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे काही दिसले तरी नको.

पाणी कमी का लागते?

बहुतेक झाडे दिवसा पानांवरची सूक्ष्म छिद्रे उघडून हवा घेतात. छिद्रे उघडली की आतली ओलही उडते. स्नेक प्लांट ही छिद्रे मुख्यतः रात्री, हवा गार झाल्यावर उघडते; रात्री घेतलेली हवा साठवून ठेवते आणि दिवसा उन्हात, छिद्रे मिटलेली ठेवून, तिच्यापासून आपले अन्न तयार करते. त्यामुळे पाणी फार थोडे खर्च होते. आपल्या बांधावरचे घायपात आणि निवडुंग हेच करतात. अननसाचीही तीच रीत. शिवाय या झाडाच्या जाड पानांत आणि मातीतल्या आडव्या खोडात पाणी साठलेले असते.

याचा अर्थ सरळ आहे. ज्या गावात चैत्र-वैशाखात टँकरची वाट पाहावी लागते, जिथे बायाबापड्यांना हंडाभर पाण्यासाठी पायपीट करावी लागते, तिथेही हे झाड कोणाच्या तोंडचे पाणी न काढता जगते. एका लहान कुंडीला पंधरा दिवसांत पेलाभर पाणी, एवढाच त्याचा खर्च. दुष्काळी भागातल्या घराने हिरवळीची हौस करू नये असे मुळीच नाही. फक्त झाड निवडून घ्यावे.

माती आणि कुंडी

नुसती काळी माती कुंडीत भरू नये. कपाशीला ती सोन्यासारखी, पण कुंडीत ती भिजली की फुगते, चिकट होते, मुळांची हवा बंद करते. आणि सुकली की आकसून भेगा पडतात, कुंडीची कड सोडते. मग वरून ओतलेले पाणी कडेने सरळ खाली निघून जाते आणि मधला गोळा कोरडाच राहतो. कोकणातली तांबडी माती किंवा नदीकाठचा पोयटा यासाठी बरा.

एक भाग पोयटा, एक भाग जाड वाळू किंवा बारीक कच, आणि एक भाग चाळलेले, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा गांडूळखत, असे मिश्रण करावे. ओले करून मुठीत दाबावे व मूठ उघडावी. गोळा आपोआप किंवा बोट लावताच फुटला तर मिश्रण चांगले. तसाच राहिला तर आणखी वाळू घालावी. ताजे शेण घालू नये, ते कुंडीत तापते आणि मुळे पोळतात.

कुंडी मातीची असल्यास उत्तम, कारण तिच्या अंगातून ओल बाहेर पडते. पाच-सहा इंच रुंदीची, उथळ कुंडी पुरे. कुंडी विकत घ्यायलाच हवी असे नाही. पाझरणारा जुना माठ खालून फोडून, नाहीतर तेलाच्या रिकाम्या डब्याला खिळ्याने पाच-सहा भोके पाडूनही काम होते. औषधाचा डबा मात्र कितीही धुतला तरी घरात आणू नये. मोठ्या कुंडीत लहान रोप लावण्याचा मोह टाळावा. जास्तीची माती जास्तीचे पाणी धरून ठेवते.

कुंडीच्या तळाशी खडीचा जाड थर दिला की निचरा चांगला होतो, असा एक समज आहे. तो बरोबर नाही. बारीक मातीतले पाणी खालच्या जाड खडीत सहजी उतरत नाही. ते दोन थरांच्या सांध्यावर अडून राहते आणि मुळांची जागा मात्र कमी होते. भोकावर एक खापरी पालथी ठेवावी, म्हणजे माती वाहून जाणार नाही. बाकी सगळी कुंडी एकाच मिश्रणाने भरावी.

रोप आणल्या दिवशीच कुंडी बदलू नये. नव्या जागेत दोन आठवडे रुळू द्यावे. रोपवाटिकेतून आलेले रोप पुष्कळदा नुसत्या नारळाच्या भुश्शात असते. तो भुसा घरात फार काळ ओला राहतो. कुंडी बदलताना तो हलक्या हाताने शक्य तेवढा झाडून टाकावा.

पाणी केव्हा द्यावे?

ठरावीक वार लावून पाणी देऊ नये. वार लावायचा तर तपासण्याचा लावावा. आठवडे बाजाराचा दिवस त्याला सोयीचा, लक्षात राहतो. त्या दिवशी बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावीत. ओल लागली तर पुढच्या बाजारापर्यंत कुंडीला हात लावू नये. वाफसा येऊन गेला आणि माती पेराखालीही कोरडी झाली, की मगच पाणी द्यावे. देताना मात्र तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत पोटभर द्यावे. रोज घोटभर शिंपडण्याने वरची माती सदा ओली आणि खालची मुळे उपाशी, अशी गत होते.

साधारण अंदाज असा. उन्हाळ्यात दहा ते पंधरा दिवसांनी एकदा. पावसाळ्यात हवाच दमट असते, तेव्हा तीन-चार आठवड्यांनी. थंडीत महिन्याने एकदा पुरे. पण घराघरांत फरक पडतो. पत्र्याच्या घरात माती लवकर सुकते, जाड भिंतींच्या जुन्या घरात उशिरा. तेव्हा अंदाजापेक्षा बोटावर विश्वास ठेवावा.

बुटक्या जातीबाबत एक गोष्ट विशेष सांभाळावी. तिची पाने वाटीसारखी जुळलेली असतात. वरून पाणी ओतले तर ते मधल्या कोंबात साठते आणि कोंब कुजतो. म्हणून पाणी नेहमी कडेने, मातीवर द्यावे. कुंडीखाली बशी ठेवली असेल तर साठलेले पाणी लगेच फेकून द्यावे. त्याने मुळे तर कुजतातच, शिवाय डेंग्यूचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो.

बोअरचे पाणी क्षारपड असेल तर मातीवर पांढरी पापडी धरते. ती खरवडून काढावी आणि पावसाळ्यात एकदा पागोळीचे पाणी भरपूर देऊन माती धुऊन काढावी.

उजेड आणि जागा

हे झाड अंधाऱ्या जागीही बरेच दिवस तग धरते, परंतु तग धरणे वेगळे आणि वाढणे वेगळे. दिवसा दिवा न लावता जिथे वर्तमानपत्र वाचता येते, ती जागा त्याला योग्य. पूर्वेच्या खिडकीजवळ, पडवीत किंवा ओसरीच्या आतल्या बाजूला ते खुशीत राहते. घरातले झाड एकदम वैशाखाच्या उन्हात ठेवले तर पाने करपतात आणि ते डाग पुन्हा जात नाहीत. उजेड वाढवायचा तर चार-चार दिवसांनी थोडे थोडे सरकवावे.

थंडी मात्र त्याला सोसत नाही. पारा 10 अंशांच्या खाली गेला की पानांवर पाणचट डाग पडू लागतात. निफाडसारख्या भागात थंडीच्या लाटेत कुंडी रात्री घराच्या आत घ्यावी व त्या दिवसांत पाणी देऊ नये.

पानांवर धूळ आणि चुलीची काजळी बसते. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसावीत. चमक यावी म्हणून तेल किंवा दूध लावू नये; त्यावर धूळ अधिकच चिकटते. खताचीही फार गरज नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि शेवटी दोन-दोन चमचे गांडूळखत वरून मिसळले की झाले. युरियाचा दाणाही नको. त्याने पाने लुसलुशीत, ढिली होतात आणि कुजायला लागतात.

रोप आजारी दिसले तर

पाने सुरकुतली की सगळे पाणी घालायला धावतात. आधी मातीत बोट घालावे. माती कोरडी आणि पान सुरकुतलेले, तर झाड तहानलेले आहे. पाणी द्यावे, चार-आठ दिवसांत सावरेल. माती ओली आणि तरीही पान सुरकुतलेले, तर मुळे कुजली आहेत. पाणी साचलेल्या वावरात कपाशी मलूल होते, तसेच हे. तिथे आणखी पाणी देणे म्हणजे मारणेच.

असे झाले तर रोप उपटून माती झाडावी. काळी, मऊ, वास येणारी मुळे व खोडाचा भाग स्वच्छ पात्याने कापून टाकावा. रोप तीन-चार दिवस सावलीत उघडे ठेवून जखम सुकू द्यावी आणि मग नव्या, कोरड्या मिश्रणात लावावे. आठवडाभर पाणी देऊ नये. आतला कोंब टणक असेल तर रोप बहुधा वाचते.

पानांच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर तो पिठ्या ढेकूण होय. साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाच्या बोळ्याने तो पुसून काढावा. आठ दिवसांनी पुन्हा पाहावे. शेतात फवारायचे औषध घरातल्या कुंडीवर कधीही मारू नये. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. उघड्या रानात जे एवढे घातक ठरले, ते मुले निजतात त्या खोलीत आणायचे नाही.

ही कोरफड नव्हे

हे लक्ष देऊन वाचावे. बुटक्या झाडाची गोलाकार ठेवण पाहून काहींना ती कोरफडीचीच जात वाटते. घरात कोरफडीचा गर भाजल्यावर लावतात, कोणी पोटातही घेतात. स्नेक प्लांटच्या पानात मात्र सॅपोनिन नावाची द्रव्ये असतात. पान पोटात गेले तर मळमळ, उलटी, जुलाब होतात. माणसाला, कुत्र्या-मांजरांनाही.

ओळखायची खूण सोपी आहे. कोरफडीचे पान गुबगुबीत, काठाला बारीक काटे, आणि कापले की आत पारदर्शक गर. स्नेक प्लांटचे पान चपटे, चिवट, काठ गुळगुळीत, अंगावर आडवे पट्टे, आणि आत गराऐवजी दोरे. दोन्ही झाडे घरात असतील तर कुंड्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि घरातल्या सगळ्यांना फरक दाखवून ठेवावा. रांगते मूल असेल तर कुंडी फळीवर चढवावी. शेळी-करडे ओसरीवर येत असतील तर त्यांच्या तोंडाला लागेल अशी ठेवू नये. मुलाने पान चावलेच तर तोंड धुवावे, पाणी पाजावे, आणि उलट्या थांबत नसतील तर पानाचा तुकडा बरोबर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात जावे.

हवा शुद्ध होते का?

विकणारे सांगतात की हे झाड घरातली हवा शुद्ध करते आणि रात्री प्राणवायू सोडते. याचे मूळ 1989 सालच्या एका अहवालात आहे. अमेरिकेच्या ‘नासा’ संस्थेने हवाबंद पेट्यांत काही झाडे ठेवून प्रयोग केले होते, त्यांत हेही झाड होते. पण आपले घर म्हणजे हवाबंद पेटी नव्हे. अशा अनेक प्रयोगांचा आढावा अमेरिकेतील ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2019 मध्ये प्रसिद्ध केला. खिडकी उघडल्याने जेवढी हवा बदलते तेवढे काम कुंड्यांकडून करून घ्यायचे तर एकेक चौरस मीटर जागेत निदान दहा आणि अधिकात अधिक हजार झाडे लागतील, असे त्यात निघाले. प्राणवायूचे म्हणाल तर झाड तो प्रकाशातच तयार करते.

तेव्हा चुलीचा धूर जावा म्हणून कोपऱ्यात कुंडी ठेवून भागणार नाही. त्याला धुराडे हवे, समोरासमोर खिडक्या हव्यात. झाड ठेवायचे ते डोळ्यांना बरे वाटते म्हणून. दिवसभर उन्हातान्हात राबून आलेल्या माणसाला घरात एक हिरवा कोपरा दिसावा, एवढे कारण पुरेसे आहे.

एकाची चार

दोन-तीन वर्षांत बाजूला फुटवे येऊन कुंडी भरते. तेव्हा ज्येष्ठात, पहिला पाऊस पडून हवा ऊबदार असताना, गड्डा बाहेर काढावा. आले-हळदीचा गड्डा मोडतो त्याच रीतीने, प्रत्येक फुटव्याला थोडी मुळे राहतील असे तुकडे करावेत. दोन दिवस सावलीत ठेवून लावावेत. हा खात्रीचा मार्ग.

पानापासूनही रोप होते. उसाच्या टिपरीला डोळा असतो, तसा या पानाला नसतो, तरी फूट येते. निरोगी पान बुडाशी कापून तीन दिवस सुकू द्यावे आणि कापलेली बाजू खाली ठेवून ओलसर वाळूत इंचभर खोचावे. वरची बाजू खाली गेली तर मुळे धरत नाहीत, म्हणून कापतानाच खालच्या टोकाला तिरकी खूण करावी. महिना-दीड महिन्यात मुळे येतात, कोंब वर यायला दोन-तीन महिने किंवा अधिकही लागतात. धीर हवा. मात्र पिवळ्या किनारीच्या सोनेरी जातीचे पान लावले तर येणारे रोप साधे हिरवे येते, कारण किनारीचा गुण नव्या कोंबात उतरत नाही. सोनेरी जात फुटव्यानेच वाढवावी.

ज्येष्ठात लावलेले फुटवे पौषापर्यंत चांगले स्थिरावतात. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असते. प्लॅस्टिकच्या डब्या-वाट्यांचे वाण देऊन घेऊन आता प्रत्येक घरात त्यांचा ढीग झाला आहे. त्याऐवजी मातीच्या लहान कुंडीत रुजलेले एखादे रोप जावेच्या, नणंदेच्या, शेजारणीच्या ओटीत घालावे. देताना दोन गोष्टी तिच्या कानात सांगाव्यात. ही कोरफड नव्हे; आणि बोट घालून पाहिल्याशिवाय पाणी घालायचे नाही.